सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात शिकायला येताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीचे आणि पदवीचे निकाल लागले की नात्यातले, गावाकडचे, ओळखीच्यांच्या ओळखीचे असे फोन सुरू होतात. प्रश्न साधारण तेच असतात. माहितीपत्रकात मिळणारी उत्तरं इथे पुन्हा लिहीत बसलो नाही. माहितीपत्रकात जे लिहीत नाहीत त्यावर जास्त भर दिला आहे.

"पुणे विद्यापीठाला आहे" म्हणजे नक्की कुठे?

हा प्रश्न आधी सोडवा, कारण निम्मे गैरसमज इथूनच निघतात. या विद्यापीठाचं क्षेत्र पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक असं तीन जिल्ह्यांचं आहे. त्यात शेकडो संलग्न महाविद्यालयं आहेत. संगमनेरला बी.कॉम. करणारी मुलगी, निफाडजवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजात जाणारा मुलगा आणि पुण्यात गणेशखिंडीच्या मुख्य आवारात एम.एस्सी. करणारा विद्यार्थी हे तिघेही "पुणे विद्यापीठाचे"च. पदवीवर नाव एक, शिक्का एक. दिवस मात्र तिघांचे पूर्ण वेगळे जातात.

वडाची झाडं, दगडी इमारत, मोठं ग्रंथालय असं जे आवार फोटोत दिसतं ते मुख्यतः पदव्युत्तर विभागांचं आणि संशोधनाचं आहे. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी., बी.ई. करणारे बहुतेक जण आपापल्या कॉलेजात शिकतात. विद्यापीठाशी त्यांचा संबंध येतो तो परीक्षेचा फॉर्म, हॉल तिकीट आणि निकाल यांच्यापुरता. तीन वर्षांत एकदाही गणेशखिंडीत पाय न ठेवलेले पदवीधर भरपूर सापडतील. त्यात कमीपणा काही नाही. पण "पुणे विद्यापीठात नंबर लागला" एवढं ऐकून घरच्यांनी पेढे वाटायच्या आधी कुठे लागला ते विचारावं.

एकेकाळी हा पसारा याहून मोठा होता. विद्यापीठ स्थापन झालं १० फेब्रुवारी १९४९ रोजी, आणि बॅरिस्टर मु. रा. जयकर पहिले कुलगुरू झाले. पुढे १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ आणि १९९० मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं, तसे दक्षिणेकडचे आणि खानदेशातले जिल्हे वेगळे होत गेले. सावित्रीबाई फुल्यांचं नाव २०१४ मध्ये मिळालं. जुनी मंडळी अजून "पूना युनिव्हर्सिटी" म्हणतात, रिक्षावाले नुसतं "युनिव्हर्सिटी" म्हणतात.

आवार खरंच एवढं मोठं आहे का?

सुमारे ४११ एकर. पहिल्या आठवड्यात तुम्ही हमखास चुकणार. रसायनशास्त्राकडे निघालेला मुलगा मानव्यविद्यांकडे पोहोचतो आणि तिथून परत फिरायला लाजतो. मुख्य प्रवेशद्वार विद्यापीठ चौकात आहे. खडकीच्या बाजूनेही एक गेट आहे, लोकल पकडणाऱ्यांना ते सोयीचं. आत अंतरं लांब आहेत, म्हणून जुनी सायकल असेल तर गावाहून घेऊनच या.

मुख्य इमारत ही ब्रिटिश काळातलं गव्हर्नमेंट हाउस. मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरचा पावसाळ्यातला मुक्काम इथे असे. २२ जून १८९७ च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ इथेच होता. तो आटोपून परतताना गणेशखिंड रस्त्यावर चाफेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. तोच रस्ता आता सकाळी नऊला आणि संध्याकाळी सहाला इतका तुंबतो की इतिहास आठवायला भरपूर वेळ मिळतो. चौकातले जुने उड्डाणपूल मेट्रोसाठी २०२० मध्ये पाडले, तेव्हापासून "पुलाच्या खाली भेटू" म्हणणारी पिढी आणि तो पूल न पाहिलेली पिढी अशा दोन पिढ्या झाल्या आहेत.

विभागांपलीकडे आवारात जे आहे त्याकडे बहुतेक विद्यार्थी दुर्लक्ष करतात, हे मला सगळ्यात खटकतं. जयंत नारळीकरांनी उभी केलेली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था इथे आहे, चार्ल्स कोरियांनी आखलेल्या वास्तूत. रेडिओ खगोलशास्त्राचं एनसीआरए इथेच आहे. नारायणगावजवळ खोडदला ज्या महाकाय अँटेना दिसतात, ती जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण चालवणारी संस्था हीच. परम महासंगणक घडवणारी सी-डॅक आणि पेशीविज्ञानाचं राष्ट्रीय केंद्रही याच आवारात आहे. या संस्था विद्यापीठाच्या नाहीत, स्वतंत्र आहेत. पण त्यांची खुली व्याख्यानं चालतात, त्यांना जायला कुणाच्या चिठ्ठीची गरज नसते. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनी आयुका सर्वांसाठी उघडी असते. त्या दिवशी शाळकरी पोरांच्या रांगा लागतात आणि शेजारच्या वसतिगृहातला एम.ए.वाला झोपलेला असतो.

आणि सगळं काही या आवारातच आहे असंही नाही. पत्रकारिता आणि परकीय भाषांचे वर्ग फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये भरतात. त्या मुलांचं विद्यापीठ म्हणजे तो छोटा चौक आणि समोरचा चहा.

प्रवेश कसा मिळतो?

आवारातल्या बहुतेक पदव्युत्तर विभागांसाठी विद्यापीठ स्वतःची ऑनलाइन प्रवेश परीक्षा घेतं. इंजिनिअरिंग, एमबीए, लॉ यांचे प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षातर्फे होतात. पीएच.डी.साठी पेट ही विद्यापीठाची वेगळी प्रवेश परीक्षा. जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेयर, उत्पन्नाचा दाखला, अधिवास आणि मधलं वर्ष रिकामं गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र ही कागदपत्रं मे महिन्यातच काढून ठेवा. तहसील कचेरीत जुलैमध्ये उभं राहायला जागा नसते. दुसऱ्या विद्यापीठातून येणाऱ्यांनी मायग्रेशन सर्टिफिकेट विसरू नये.

हॉस्टेल मिळेल का?

मागणी आणि खोल्या यांचं गणित कधीच जुळत नाही, हे आधीच मनाशी धरून चला. आवारातली वसतिगृहं आवारातल्या विभागांच्या विद्यार्थ्यांसाठी आहेत. संलग्न कॉलेजात प्रवेश असेल तर तिथे अर्जच करता येत नाही, तुमच्या कॉलेजचं वसतिगृह असेल तर तिकडे विचारा. आवारातही गुणवत्ता, आरक्षण आणि अभ्यासक्रम पाहून यादी लागते, आणि ती लागायला वर्ग सुरू झाल्यावरही काही आठवडे जाऊ शकतात.

मग मधल्या काळात मुलं राहतात कुठे? मित्राच्या खोलीत. वसतिगृहाच्या भाषेत अशा बिगरनोंदणीच्या पाहुण्याला "पॅरासाइट" म्हणतात. शब्द ऐकायला वाईट आहे, पण त्यात राग कमी आणि माया जास्त असते. गावाकडून आलेल्या कित्येकांचे पहिले महिने असेच कुणाच्या तरी कॉटखालच्या गादीवर गेलेत. नियमाने हे चालत नाही, रेक्टरची तपासणी झाली तर ज्याची खोली आहे त्याच्यावर बालंट येतं. म्हणून मी कुणाला तसा सल्ला देत नाही. असं होतं, एवढं मात्र सांगतो.

बाहेर राहायचं तर "कॉट बेसिस" हा शब्द शिकून घ्या. खोली भाड्याने मिळत नाही, खोलीतली एक कॉट मिळते. औंध, खडकी, पाषाण, बोपोडी, शिवाजीनगर ही जवळची ठिकाणं. घर बघायला जाताना तीन गोष्टी विचारा: पाणी किती वाजता येतं, डिपॉझिटमधून काय काय कापतात आणि सोडताना किती दिवस आधी सांगायचं. मधला एजंट एका महिन्याचं भाडं मागतो. मुली बघायला गेल्या तर घरमालक वेळेचे नियम सांगतात, मुलं गेली तर "दारू-सिगारेट चालणार नाही" सांगतात. आणि दोघांनाही "आडनाव काय?" हे विचारतात. पुण्यात हे अजून होतं आणि होत नाही असं सांगून तुम्हाला फसवण्यात अर्थ नाही.

सरकारी आधार मात्र आहे आणि तो पुष्कळांना माहीत नसतो. समाजकल्याण खात्याची वसतिगृहं आहेत. तिथे जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, ओबीसींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. पैसे खात्यात उशिरा येतात, कधी वर्ष संपता संपता येतात. पण येतात. अर्ज करायचाच.

जेवणाचं काय?

आवारात रिफेक्टरी म्हणजे विद्यापीठाचं भोजनगृह आहे, मेस आहेत, अनिकेत कॅन्टीन आहे. अनिकेतवर बसलेल्यांत निम्मे खायला आलेले नसतात. प्रबंधाचं पहिलं प्रकरण, ब्रेकअप, नेट-सेटची (प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षांची) उत्तरसूची, कुणाला गाइड मिळाला आणि कुणाला नाही, ही सगळी खाती तिथेच चालतात. बाहेर राहणारे डबा लावतात. दोन पोळ्या-चार पोळ्या, भाजी, वरण-भात, रविवारी संध्याकाळी सुट्टी. रविवारची संध्याकाळ म्हणजे वडापाव किंवा अंडाभुर्जीची गाडी हे इथलं न लिहिलेलं वेळापत्रक आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्या मुलांची पहिली तक्रार ठरलेली: भाजीत साखर घालतात. एक सत्र गेलं की जीभ रुळते, किंवा मग घरून चटणीची बरणी येते.

पैशाचं कसं जमवायचं? कमवा आणि शिका योजना खरंच चालते का?

चालते. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाची ही योजना विद्यापीठात आणि संलग्न कॉलेजांतही आहे. ग्रंथालयात पुस्तकं लावणं, विभागात कार्यालयीन काम, बागेत काम, प्रयोगशाळेत मदत अशी कामं असतात. तासाच्या हिशेबाने मानधन मिळतं. त्यात खोलीभाडं निघत नाही, पण मेसचा मोठा भार हलका होतो. दुसरा फायदा कुणी सांगत नाही: कार्यालयात काम केलेल्या मुलाला कुठला फॉर्म कुठल्या टेबलवर जातो हे कळतं. मोठ्या विद्यापीठात ही विद्या अभ्यासक्रमाइतकीच उपयोगी पडते. ज्याला टेबल माहीत आहे त्याचं काम एका दिवसात होतं, बाकीचे तीन खेपा घालतात.

शिष्यवृत्त्यांसाठी महाडीबीटी पोर्टल. आधार बँक खात्याला जोडलेलं आहे ना ते आधी तपासा. अर्ज भरून गप्प बसू नका, तो कॉलेजच्या लॉगिनला अडकलेला असतो. आठवड्याला एकदा शिष्यवृत्ती विभागात तोंड दाखवायचं, रागवायचं नाही, हसून विचारायचं. मुलींसाठी २०२४-२५ पासून मोठा बदल झाला आहे. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. कॉलेजने तरी पूर्ण फी मागितली तर शासन निर्णयाची प्रत घेऊन जा. विकास निधी आणि इतर शुल्क मात्र वेगळं असतं, त्याची पावती मागा.

तास नियमित होतात का?

विभागावर आणि मास्तरांवर अवलंबून. काही प्राध्यापक असे आहेत की त्यांच्या तासाला दुसऱ्या विभागाची मुलं येऊन मागे बसतात. काही ठिकाणी जागाच भरलेल्या नाहीत आणि तासिका तत्त्वावरचे तरुण शिक्षक चार ठिकाणी धावत शिकवतात. त्यांचं मानधन तुमच्या शिष्यवृत्तीसारखंच उशिरा येतं, हे लक्षात ठेवून त्यांच्याशी बोला.

नियम ७५ टक्के हजेरीचा. पदव्युत्तर विभागांत वर्ग लहान, गैरहजर माणूस लगेच दिसतो. इंजिनिअरिंग कॉलेजांत डिफॉल्टर लिस्ट लागते, घरी फोन जातो आणि सत्राच्या शेवटी "सबमिशन" नावाचा आठवडा येतो. त्या आठवड्यात झेरॉक्सच्या दुकानासमोर जे दृश्य दिसतं ते पंढरीच्या वाटेवरही दिसत नाही. एकाची फाइल, दहा जणांची अक्षरं.

परीक्षा आणि निकालाबद्दल काय माहीत हवं?

पहिली गोष्ट, तुमचा "पॅटर्न" कोणता ते पाठ असू द्या. अभ्यासक्रम काही वर्षांनी बदलतो आणि त्या वर्षाच्या नावाने ओळखला जातो: २०१५ पॅटर्न, २०१९ पॅटर्न, २०२४ पॅटर्न. विषय मागे राहिला आणि पॅटर्न बदलला, तर जुन्या पॅटर्नच्या संधी मोजक्याच उरतात. अनेकांचं गाडं इथेच अडतं. नापास होणं इथे नवलाचं नाही. बॅक राहिली, केटी लागली (म्हणजे विषय मागे राहिला), वायडी बसला (म्हणजे वर्ष गेलं) हे शब्द चहाच्या टपरीवर हवापाण्यासारखे बोलले जातात. पण बॅक साचू देऊ नका. शेवटच्या वर्षी कॅम्पस प्लेसमेंटला येणाऱ्या पुष्कळ कंपन्या चालू बॅकलॉग असलेल्याला आतच घेत नाहीत.

इंजिनिअरिंगला अनेक वर्षं सत्राच्या मधे ३० गुणांची इनसेम आणि सत्राअखेर ७० गुणांची एंडसेम अशी विभागणी चालत आली. इनसेममध्ये चांगले गुण मिळवले की एंडसेमला श्वास घेता येतो, हे प्रत्येक सीनियर सांगतो आणि प्रत्येक ज्युनियर विसरतो.

निकालासाठी सीट नंबर लागतो आणि आईचं नाव लागतं. संकेतस्थळ त्या दिवशी कोलमडतं, रात्री एक-दोनला बरं चालतं. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ नुसार परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निकाल लागायला हवा. तो नेहमीच तसा लागतो असं कुठल्याच राज्य विद्यापीठाचा विद्यार्थी म्हणणार नाही. परदेशी प्रवेश किंवा नोकरीची तारीख ठरवताना या उशिराची जागा धरून ठेवा.

गुण अनपेक्षित कमी आले तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा, मग पुनर्मूल्यांकन. छायाप्रत हातात आली की ती त्या विषयाच्या प्राध्यापकांना दाखवा आणि मगच पैसे भरा. मुदत छोटी असते. गावाला गेलात आणि सूचना बघितली नाहीत तर हक्क गेला.

पुस्तकं कुठून घ्यायची?

अप्पा बळवंत चौक. "एबीसी" म्हणतात तो हाच. जुनी पुस्तकं, मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिकांचे संच, इंजिनिअरिंगच्या "लोकल ऑथर"ची पुस्तकं, परीक्षेच्या आदल्या रात्री वाचायची "डिकोड" नावाची गाइडं, सगळं तिथे. लोकल ऑथरवर पास होता येतं, विषय येत नाही. दोन्ही हवं असेल तर ग्रंथालयात जावं लागेल.

आवारातलं जयकर ग्रंथालय हे या विद्यापीठात येण्याचं सगळ्यात भक्कम कारण आहे, असं माझं मत आहे. पहिल्या कुलगुरूंचं नाव त्याला आहे. मराठी नियतकालिकांचे जुने अंक, प्रबंध, दुर्मीळ ग्रंथ हे सगळं ओळखपत्र दाखवून हातात घेता येतं. ग्रंथालयातल्या जुन्या कर्मचाऱ्यांशी ओळख करून घ्या. तालिकेत न सापडणारं पुस्तक त्यांना सापडतं. संलग्न कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांनीही एकदा चौकशी करून पाहावी, कॉलेजचं पत्र नेलं तर बसून वाचायची परवानगी मागता येते.

माझं शिक्षण मराठी माध्यमात झालंय. इंग्रजीमुळे मागे पडेन का?

सुरुवातीला त्रास होईल. कला आणि वाणिज्य शाखेत बरेच पेपर मराठीत लिहिता येतात, पण पदव्युत्तर पातळीवर चांगले संदर्भग्रंथ इंग्रजीत असतात आणि समाजशास्त्रापासून अर्थशास्त्रापर्यंत वर्गात चर्चा इंग्रजीत वळते. विज्ञानात तर पर्यायच नाही. शहरातल्या कॉन्व्हेंटमधून आलेली मुलं पहिल्या महिन्यात जास्त बोलतात. दुसऱ्या सत्रात निकाल लागला की चित्र थोडं बदलतं, कारण उत्तरपत्रिकेत उच्चार दिसत नाहीत.

चर्चेत मराठीत प्रश्न विचारा. उत्तर देणारा प्राध्यापक बहुतेक वेळा मराठीच असतो आणि त्यालाही हायसं वाटतं. वाचनासाठी गट करा: एकाने एक प्रकरण वाचून बाकीच्यांना मराठीत सांगायचं. आवारातल्या झाडांखाली असे गट कायम बसलेले दिसतील, त्यांच्यात जाऊन बसलात तर कुणी हाकलत नाही. आणि दुसऱ्या बाजूने, ईशान्येकडून, केरळहून, इराण-येमेन-आफ्रिकेतून आलेले विद्यार्थीही इथे आहेत. त्यांची इंग्रजी तुमच्यासारखीच अडखळती असू शकते. मराठी मुलं आपल्या जिल्ह्याचा कट्टा सोडून त्यांच्या टेबलावर फारशी जात नाहीत, हा तोटा आपलाच.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे काय बदललं?

पदव्युत्तर वर्गांना २०२३-२४ पासून आणि संलग्न कॉलेजांतल्या पदवीला २०२४-२५ पासून नवी रचना आली. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे विषय, भारतीय ज्ञान प्रणाली असे क्रेडिट जमवायचे. एक वर्षाने प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी आणि चार वर्षांनी ऑनर्स घेऊन बाहेर पडता येतं. कागदावर निवडीला भरपूर वाव आहे. प्रत्यक्षात तुमच्या कॉलेजकडे ज्या विषयाचा शिक्षक आहे तोच विषय तुमची "निवड" ठरतो. मोठ्या शहरी कॉलेजात पर्याय जास्त, तालुक्याच्या कॉलेजात कमी. प्रवेश घेण्याआधी विषयांची खरी यादी मागून बघा. एबीसी आयडी काढून ठेवा. हे एबीसी क्रेडिट बँकेचं, चौकाचं नव्हे.

अभ्यासाबाहेर काय आहे?

नाटक असेल तर पुण्यासारखी जागा नाही. महाराष्ट्रीय कलोपासकची पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे. भरत नाट्य मंदिरात प्रयोगाआधी "अरे आव्वाज कुणाचा" अशी आरोळी उठते तेव्हा पहिल्यांदा आलेला माणूस दचकतो. महिना-दीड महिना आधीपासून तालमी, रात्री अकराला वॉचमनशी हुज्जत, सेटचे पाट-फळ्या टेम्पोत. काम करणाऱ्यांत रंगमंचावर दिसणारे थोडे, बॅकस्टेजला घाम गाळणारे जास्त, आणि मैत्र्या टिकतात त्या बहुधा बॅकस्टेजच्याच. परीक्षकही कडक. २०२२ मध्ये एकही एकांकिका त्या तोडीची नाही म्हणून करंडक कुणालाच दिला नाही, तेव्हा गावभर वाद झाला होता. माझ्या मते निर्णय कटू होता पण स्पर्धेची पत त्यातूनच कळली. फिरोदिया करंडकाचा बाज वेगळा, तिथे एकाच सादरीकरणात नाटकाबरोबर गाणं, नृत्य, चित्र, शिल्प अशा कला ओवायच्या असतात. आवारात ललित कला केंद्र आहे. तिथे नाट्य, संगीत, नृत्य हेच शिक्षण. संध्याकाळी त्या बाजूने गेलात तर तबल्याचा रियाज ऐकू येतो.

राज्यातल्या विद्यापीठांमध्ये इंद्रधनुष्य हा युवक महोत्सव, आविष्कार ही संशोधन स्पर्धा आणि अश्वमेध या क्रीडास्पर्धा होतात. आविष्कारकडे विज्ञानाबाहेरची मुलं फिरकत नाहीत, खरं तर मानव्यविद्यांचाही गट असतो आणि तिथे गर्दी कमी असते. एनएसएसचं सात दिवसांचं हिवाळी शिबिर गावात होतं. दिवसा श्रमदान, रात्री गावकऱ्यांसमोर पथनाट्य. प्रमाणपत्रासाठी गेलेले बरेच जण दुसऱ्या वर्षी प्रमाणपत्र न मागता जातात.

विद्यार्थी निवडणुका होतात का?

१९९४ च्या विद्यापीठ कायद्याने खुल्या निवडणुका थांबवल्या आणि गुणवत्तेवर प्रतिनिधी नेमायची पद्धत आणली. त्याआधीच्या निवडणुकांतली हाणामारी हे त्याचं कारण. २०१६ च्या कायद्याने निवडणुकीची तरतूद परत आणली, पण प्रत्यक्षात त्या पुढे ढकलल्याच गेल्या, २०१९ मध्ये विधानसभेच्या निवडणुकीचं निमित्त होतं. संघटना मात्र सगळ्या आहेत: डाव्या, उजव्या, आंबेडकरवादी, पक्षांच्या विद्यार्थी शाखा. मुख्य इमारतीसमोर फीवाढ, मेस, वसतिगृह यांवरून आंदोलनं होतात आणि वसतिगृहाचे कित्येक प्रश्न तशाच सुटलेत. पदवी मिळाल्यावर विद्यापीठाच्या अधिसभेच्या (सिनेटच्या) पदवीधर गटात मतदार म्हणून नाव नोंदवता येतं, १० प्रतिनिधी तिथून निवडून जातात. फार थोडे पदवीधर नोंदणी करतात, मग अधिसभा आमचं ऐकत नाही म्हणतात.

एमपीएससी-यूपीएससीची तयारी विद्यापीठात राहून करता येते का?

कित्येक जण त्यासाठीच एम.ए.ला प्रवेश घेतात, हे उघड गुपित आहे. वसतिगृह मिळतं, वाचनकक्ष मिळतो, घरी "शिकतोय" सांगता येतं. खरी पंढरी मात्र सदाशिव पेठ, नवी पेठ आणि शास्त्री रस्ता. तिथल्या अभ्यासिकांत महिन्याने खुर्ची भाड्याने मिळते. मार्च २०२१ मध्ये पूर्वपरीक्षा तोंडावर आली असताना पुढे ढकलली, तेव्हा याच रस्त्यावर हजारो मुलं उतरली आणि ती परीक्षा त्याच महिन्यात घ्यावी लागली.

माझा सल्ला कुणाला आवडत नाही: किती प्रयत्न करायचे ते पुण्यात पाऊल टाकण्याआधी घरच्यांसमोर ठरवा. आणि एम.ए.ला नाव घातलंच आहे तर त्याचा अभ्यास खरोखर करा. राज्यशास्त्र, इतिहास, अर्थशास्त्राचे चांगले तास कुठल्याही क्लासपेक्षा खोल असतात. शिवाय नेट-सेटचा रस्ता उघडा राहतो.

मुलींसाठी वातावरण कसं आहे? रॅगिंग?

आवारात रात्री उशिरापर्यंत मुली ग्रंथालयातून एकट्या चालत जाताना दिसतात. तरी सगळे रस्ते सारखे उजेडाचे नाहीत, खडकीकडचा भाग अंधारात टाळा. प्रत्येक कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असणं कायद्याने बंधनकारक आहे. सदस्यांची नावं फलकावर नसतील तर मागा. रॅगिंगविरोधी कायदा महाराष्ट्रात १९९९ पासून आहे आणि यूजीसीची मोफत हेल्पलाइन आहे १८००-१८०-५५२२. पदव्युत्तर वसतिगृहांत रॅगिंगपेक्षा एकटेपणाचा त्रास जास्त, असं मी पाहिलं आहे. खोलीतला मुलगा आठवडाभर जेवायला खाली आला नाही तर दार वाजवा.

मुख्य इमारतीत भूत आहे का?

भुयार आहे. भुताची गोष्ट दरवर्षी नव्या मुलांना नव्याने सांगितली जाते.

पदवी हातात कशी पडते?

निकाल लागला म्हणजे पदवी मिळाली असं नाही. पदवी प्रमाणपत्रासाठी वेगळा ऑनलाइन अर्ज असतो. पदवीप्रदान समारंभाला काळा गाऊन जाऊन देशी पेहराव आला आणि पगडीवरून २०१९ मध्ये वाद पेटला: सावित्रीबाईंच्या नावाच्या विद्यापीठात पुणेरी पगडी का, फुले पगडी का नाही? प्रश्न रास्त होता.

बाहेरदेशी जाणार असाल तर ट्रान्सक्रिप्टचं काम सत्र सुरू असतानाच समजून घ्या. अमेरिका-कॅनडासाठी मूल्यमापन संस्थेला विद्यापीठाकडूनच कागद जावे लागतात, तुमच्या हातातली प्रत चालत नाही. परदेशात असलेल्या जुन्या विद्यार्थ्यांचा सगळ्यात मोठा घोळ नावाचा असतो: गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर नंतर, वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण आणि एकीकडे आद्याक्षर. पहिल्या वर्षाचा पात्रता फॉर्म भरताना दहावीच्या प्रमाणपत्रावरचं स्पेलिंग समोर ठेवून एकेक अक्षर भरा. नंतर दुरुस्तीसाठी प्रतिज्ञापत्र, राजपत्र आणि सगळ्या वर्षांच्या मूळ गुणपत्रिका घेऊन परीक्षा विभागाच्या खिडकीशी उभं राहावं लागतं, आणि ती खिडकी दुपारी जेवणाच्या सुट्टीत बंद असते.